नऊ तासांची सही

1961 च्या मोटार वाहतूक कामगार कायद्यानं चालकाची काळजी आईच्या मायेनं घेतली. दिवसाला आठ तास, आठवड्याला 48. पाच तास स्टेअरिंगवर बसल्यावर निदान अर्धा तास विसावा आणि दोन दिवसांच्या कामांमध्ये सलग नऊ तास विश्रांती. मालकाकडे पाचापेक्षा कमी कामगार असतील, तर कायदा सहसा त्याच्या वाटेला जायचा नाही. चौघं जण दमत नसावेत.

पेण-रोह्याकडे अंमलबजावणीचं कंत्राट थेट महामार्गानंच घेतलं. पनवेल-इंदापूर या 84 किलोमीटरच्या चौपदरीकरणाला 2011 मध्ये हात लागला आणि विसाव्याची कायमची सोय झाली. धाटावच्या एमआयडीसीत माल भरलेला ट्रक कोलाड, नागोठणे करत वडखळच्या कोंडीत शिरला, की इंजिन सुरू, गाडी उभी, पाय क्लचवर. हे काम की आराम? वहीत आराम. गणपतीत तर सोळा टनांवरच्या गाड्यांना महामार्ग बंद. म्हणजे सलग सुटी, अर्थात बिनपगारी.

खड्ड्यांनाही आता सुरक्षा साधनाचा दर्जा मिळायला हरकत नाही. डुलकी लागली रे लागली, की गजर!

नोंदवही तर पाहावी. एकच शाई, एकच वळणदार अक्षर. 31 जूनलासुद्धा चालक बरोबर आठच तास राबलेला. सहीचा रकाना तेवढा रिकामा. म्हणून पहाटे तीनला केबिनची काच ठोठावून चालकाला उठवण्यात आलं. सलग नऊ तास झोप झाली, अशी सही त्यानं डोळे चोळत केली आणि गाडी काढली.