बुलढाण्याचा समुद्र

बुलढाण्यात ‘सर्फ अँड टर्फ’, म्हणजे समुद्रातलं अधिक कुरणातलं, असा पास्ता करायचा, तर आधी समुद्र शोधा. खारं पाणी जिल्ह्यात नाही असं नाही. लोणारला सरोवरभर आहे. पण उल्केच्या आघाताने पडलेल्या त्या विवरातलं पाणी इतकं क्षारयुक्त, की मासा तिकडे सहसा फिरकत नाही. जून २०२० मध्ये ते चक्क गुलाबी झालं, तेवढाच काय तो सॉसचा रंग! म्हणजे कोळंबी बर्फातून मागवणं आलं.

आता ‘टर्फ’. मूळ कृतीत गोमांसाचा जाड तुकडा असतो. २०१५ च्या गोवंश हत्याबंदी कायद्यानंतर आपल्याकडे या पदार्थात त्या वंशाचा सहभाग मलईपुरताच. मग बोकड. त्याला कुकरच्या शिट्ट्यांवर शिट्ट्या लागतात आणि कोळंबी तीन-चार मिनिटांत शिजते. दोघांना एकदमच पातेल्यात लोटणाऱ्या उत्साही मंडळींनी कोळंबीऐवजी सायकलची ट्यूब चिरली तरी चालेल.

गहू मात्र घरचा निघतो. पास्त्याचा ड्युरम म्हणजे आपल्या बन्सीचाच भाऊबंद. पण हे आजीला कोण सांगणार? पहिल्याच घासाला ती सुनेकडे बघते : ‘‘वरनफयात दूध कोनं टाकलं वं?’’