अर्धा इंच

आमच्या हातोदच्या घरात पाइप बदलत नाहीत, वाढतात. आजोबांनी जीआय टाकला, म्हणजे जस्त चढवलेला लोखंडी. काकांनी मागच्या मोरीपर्यंत राखाडी पीव्हीसी नेला, कारण तो स्वस्त होता आणि खर्चाचा निर्णय काकांकडे होता. गीझर आला तेव्हा बाबांनी पिवळसर सीपीव्हीसी आणला, कारण साध्या पीव्हीसीला कढत पाणी सोसत नाही. अंगणातून येणारी नळी काळी, एचडीपीईची. जुनं काही काढायचं म्हटलं की आत्या विचारते, "आजोबांचा पाइप तुम्हाला जड झाला का?" मग कोण काढतो!

गावाजवळ गंभीर नदीवर होळकरांच्या काळातला यशवंतसागर आहे. इंदूरला पाणी पुरवतो, 2022 मध्ये रामसर यादीत गेला, तिथे सारस येतात. सारस थेट तलावात चोच घालतात. आम्हाला मात्र पाण्याआधी मिस्त्री लागतो.

हे सगळे पाइप एकमेकांना जोडायला मिस्त्री आला, भिंतीवरची सगळी वंशावळ वरपासून खालपर्यंत न्याहाळली आणि म्हणाला, "भिया, सब आधा इंची है. आराम से जुड़ जाएगा."

हे 'आधा इंची' प्रकरण नीट समजून घेण्यासारखं आहे. माझा चुलतभाऊ पिथमपूरला कारखान्यात आहे आणि घरातही व्हर्नियर जवळ बाळगतो. त्याने मापं घेतली. अर्धा इंच म्हणजे 12.7 मिलिमीटर. आजोबांचा अर्धा इंची जीआय बाहेरून 21.3 आणि आतून साधारण 16. म्हणजे आतून मोजा, बाहेरून मोजा, त्यात अर्धा इंच कुठेच नाही. अर्ध्या इंचीच्या जागी काकांनी घातलेला पीव्हीसी बाहेरून 20. सीपीव्हीसी बाहेरून 15.9, कारण त्याची मापं तांब्याच्या नळ्यांवरून घेतली आहेत. तिघांनाही दुकानात अर्धा इंच म्हणतात आणि तिघं एकमेकांना ओळखत नाहीत. काकांनी आकडे ऐकले आणि त्यांचा चेहरा उजळला. "पंधरा पूर्णांक नऊ ना? मग सोळात ढकलून द्या, वर एमसील!" काका चाळीस वर्षं हिशेबनीस होते. वजाबाकी अचूकच होती.

काळ्या नळीचं दुखणं निराळं. पीव्हीसीला सोल्युशन लावतात ते गोंद नव्हे. ते दोन्ही पृष्ठभाग थोडे विरघळवतं आणि वाळताना ते एकजीव होतात. एचडीपीई त्यात विरघळतच नाही. डबाभर ओता, ढिम्म. तिला तापवून वितळवून जोडायचं, नाहीतर नट आवळायचं कॉम्प्रेशन फिटिंग लावायचं. मिस्त्रीने तरी इमानेइतबारे सोल्युशन लावलं, वर सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळली आणि चहा मागितला.

मग मुख्य जोड, लोखंड आणि प्लास्टिकचा. जुन्या लोकांचा भरवसा सफेदा आणि सुतळीवर. आता टेफ्लॉन टेप. हा पदार्थ 1938 साली अमेरिकेत रॉय प्लंकेट यांना थंडाव्याच्या वायूंवर काम करताना अचानक सापडला. त्याला काहीही चिकटत नाही, आणि आपण तो 'चिकटावा' म्हणून लावतो. खरं तर त्याच्या निसरडेपणामुळे आटा अजून पुढे फिरतो आणि फटी भरतात, एवढंच. पण एवढं पुढे फिरणं हेच प्लास्टिकला महागात पडतं. लोखंडी पाइपचा बाहेरचा आटा किंचित निमुळता असतो. त्यावर निव्वळ प्लास्टिकचा आतल्या आट्याचा जोड चढवला की प्रत्येक फेऱ्याला तो पाचर ठोकल्यासारखा फाकतो.

मिस्त्रीने पाना लावला. ठिबकत होतं. "एक चक्कर और, भिया." अजून थोडं ठिबकत होतं. "बस, आखरी चक्कर." मग 'टक्' असा बारीक आवाज झाला. उभी चीर पडली आणि कारंजं थेट काकांच्या धोतरावर. काका म्हणाले, "प्रेशर चांगलंय."

नवा जोड नीट बसला तरी भांडण संपत नाही. सीपीव्हीसी लोखंडाच्या पाचपट तरी फुगतो आणि आकसतो. मे महिन्यातल्या माळव्याच्या दुपारी गच्चीवरचा पाइप लांबतो, पहाटे आखडतो, आणि रोजची ही ओढाताण सोसतो बिचारा जोड. लोखंडाला आटे पाडताना वरचं जस्तही खरवडलं जातं, म्हणून गंज पहिल्यांदा तिथेच धरतो. गीझरच्या तांब्याला जीआय थेट भिडवला तर ओल्यात लोखंडच खंगतं. त्या दोघांत पितळेचा तुकडा घातला की कटकट बरीच कमी होते, ही गोष्ट दुकानदाराला ठाऊक असते, पण न विचारता सांगायची पद्धत नाही.

तेव्हा इंदूरच्या सियागंजला हार्डवेअर आणायला निघालात, तर तोंडाने 'अर्धा इंच' मागू नका. कापलेल्या पाइपचा वीतभर तुकडा पिशवीत घालून न्या आणि काउंटरवर ठेवा. प्लास्टिककडच्या टोकाला पितळी आट्याचा एमटीए, म्हणजे बाहेरून आटे असलेला जोड मागा, लोखंडी बाजूला सॉकेट, आणि मध्ये एक युनियन टाका म्हणजे पुढच्या वेळी भिंत फोडावी लागणार नाही. पाना मात्र स्वतःच्या हातात ठेवा.