छैौ

गेल्या गणपतीत आमच्या गिरगावच्या चाळीत वर्गणीची जी नोटीस लागली, तिच्या तळाशी, सेक्रेटरींच्या नावाच्या जरा वर, 'छैौ' असं छापलेलं होतं. ते माझं कर्तृत्व.

मी प्रोग्रामर आहे आणि माऊसला हात लावत नाही. कीबोर्डवरचा हात उचलून माऊसकडे न्यायचा, म्हणजे चर्नी रोडहून चर्चगेटला जायला आधी दादर गाठण्यासारखं. मी विम नावाचा एडिटर वापरतो. ब्राम मोलेनार नावाच्या डच माणसाने तो १९९१ साली लोकांना दिला आणि आवडला तर युगांडातल्या मुलांना मदत करा म्हणाला. मदत किती जणांनी केली देव जाणे, पण गर्व सगळ्यांनी केला. विममध्ये सोवळं कडक. फाईल उघडली म्हणून लगेच टाईप करायचं नाही. आधी 'आय' दाबून सोवळं नेसायचं, मग मजकुराला शिवायचं, झालं की एस्केप दाबून सोडायचं. विसरलात तर अख्ख्या ओळी नाहीशा होतात. बाहेर पडायचं तर कोलन-डब्ल्यू-क्यू. हे ठाऊक नसलेला माणूस लालबागच्या राजाच्या रांगेत सापडल्यासारखा होतो. मधूनच निघायची सोय नाही. ऑफिसात एकजण ईमॅक्सवाला आहे, म्हणजे दुसऱ्या एडिटरच्या पंथाचा. आमचं त्याचं दुपारचं जेवण वेगळ्या टेबलांवर होतं. दादरला कीर्ती कॉलेजचा वडा थोर की छबिलदास गल्लीतला, हा वाद त्यापुढे सौम्य म्हणायचा.

मराठीही मी इनस्क्रिप्ट या कीबोर्डच्या मांडणीमध्येच टाईप करतो. मात्रा डाव्या हाताला, बहुतेक व्यंजनं उजव्या हाताला, 'क'वर शिफ्ट दाबला की 'ख'. काय ती शिस्त! इंग्रजी अक्षरांत 'namaskar' बडवून मराठी उमटवणाऱ्यांची मला मनापासून कीव येते. तर मंडळाच्या कॉम्प्युटरवर मी नोटीस टाईप केली, अर्थातच स्क्रीनकडे न बघता, सेक्रेटरीकाकांकडे बघत. शेवटचा पूर्णविराम दिला आणि बोटांनी आपण होऊन एस्केप, कोलन, डब्ल्यू, क्यू दाबलं. मंडळाकडे विम नाही, साधा वर्ड आहे. इनस्क्रिप्टमध्ये कोलनच्या जागी असतो 'छ', डब्ल्यूवर दोन मात्रा, क्यूवर काना आणि दोन मात्रा. चाळीस प्रती निघाल्या, तिन्ही मजल्यांवर चिकटल्या.

संध्याकाळपर्यंत अर्थ लागायला सुरुवात झाली. पहिल्या मजल्यावर तो जावक क्रमांक ठरला. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी 'छे हो, वर्गणी फार वाढवली' अशी सेक्रेटरींचीच आतल्या आत नाराजी आहे असं सांगितलं. तिसऱ्या मजल्याने मोठ्याने वाचायचा प्रयत्न केला आणि एकाला ठसका लागला.

लालबागची आत्या गणपतीला आली होती. तिने चष्मा वर करून नोटीस वाचली आणि विचारलं, "हे कुणी टाईप केलं? बडवलंय नुसतं."

आत्या गिरगावातल्याच क्लासात टायपिंग शिकली. गोदरेजच्या मशीनवर, बोटांवर पुठ्ठा धरून. पुढे परळच्या एका मिलच्या ऑफिसात १९८२च्या संपापर्यंत चिठ्ठ्या, चलनं, मेमो. मी तिला सगळं समजावलं. माऊस नको, बोटं जागेवरून हलवायची नाहीत, बघायचं नाही.

"ए-एस-डी-एफ-जी," आत्या म्हणाली. "हे तर आम्हाला मास्तर पहिल्या दिवशी सांगायचे. यात नवीन काय? आणि आमच्या मशीनला माऊस नव्हताच, घंटी होती. ओळ संपत आली की वाजायची. तुझ्या त्याला आहे?"

नाही म्हटलं. मग मी हुकमी पान टाकलं: विममध्ये बाणांच्या बटणांऐवजी एच-जे-के-एलने फिरतात. इनस्क्रिप्टमध्ये तीच बटणं दाबली तर 'परकत' उमटतं, हे मात्र बोललो नाही.

"का बरं एच-जे-के-एल?"

"१९७६च्या सुमारास बिल जॉयने बर्कलीत विमचा पूर्वज लिहिला, व्हीआय. त्याच्या टर्मिनलवर बाण त्या चार बटणांवरच छापलेले होते."

"म्हणजे त्याच्या यंत्रावर बाण तिथे होते म्हणून त्याने तिथे बोटं ठेवली."

"हो."

"तुझ्या यंत्रावर बाण वेगळे आहेत?"

"आहेत."

आत्याने पुढे काही विचारलं नाही. खोलीभर नजर फिरवली. आमची खोली दहा बाय बारा. माझा लॅपटॉप आईच्या शिवणयंत्राच्या झाकणावर असतो, उजवीकडे पितळी डबा, डावीकडे भिंत. माऊस ठेवायला वीतभर जागा नाही. ती डब्याकडे बघून हसली, तेव्हा मी पटकन चहा ठेवायला उठलो.

यंदा मी नोटिशीतून अंग काढून घेतलं. सेक्रेटरीकाकांनी स्वतः टाईप केली, एका बोटाने, दीड तास लावून, माऊस जमिनीवरून फिरवत. परवा जिन्यात लागली. मजकूर चोख, वर्गणी पन्नास रुपयांनी वाढलेली, आणि तळाशी, नावाच्या जरा वर, ठळक अक्षरात 'छैौ'.

"काका, हे कशाला?"

"अरे, मागच्या नोटिशीला होतं," काका म्हणाले. "शोधायला अर्धा तास गेला. तू काय बटणं दाबतोस ते एकदा लिहून दे."