वऱ्हाडी बी-टू

मोर्शी तालुक्यातल्या रिद्धपूरला मराठी भाषेचं विद्यापीठ मिळालं, २०२३ च्या कायद्यानं. जागा हेरून दिली हे मान्य करावं लागेल. लीळाचरित्र इथंच लिहिलं गेलं, १२७८ च्या सुमारास. त्याच्याही आधी भडोचहून आलेल्या चक्रधरांना श्रीगोविंदप्रभूंकडून इथंच ज्ञानशक्ती मिळाली. परप्रांतातून आलेल्या माणसाकडं तेव्हा कुणी डोमिसाईल मागितलं नाही, की मायग्रेशन सर्टिफिकेट मागितलं नाही. प्रभूंनी प्रसाद दिला, विषय संपला. म्हाइंभटांनी लीळाचरित्रासाठी गावोगाव फिरून लोकांच्या आठवणी गोळा केल्या, तेही कुठल्या समितीची परवानगी न काढता. आज जमेल?

आता याच मुलखातली पोरं जर्मनीची स्वप्नं पाहतात. फेब्रुवारी २०२४ मध्ये महाराष्ट्र सरकारनं बाडेन-वुर्टेम्बर्ग या जर्मन राज्याशी करार केला. आकडा सांगितला गेला १०,००० कुशल माणसांचा. नर्स हव्या, इलेक्ट्रिशियन हवे, ड्रायव्हर हवे. तिकडं घर भरून म्हातारे, इकडं पार भरून तरणे. घोडं अडलं ते कागदाशी.

समजा, अमरावतीच्या दवाखान्यात दहा वर्षं आयसीयू सांभाळलेली सिस्टर निघाली. आधी जर्मन शिका, साधारण बी-टू पातळीपर्यंत. मग मार्कशीटांचं शपथेवर भाषांतर. मग तिथलं कार्यालय तिचा अभ्यासक्रम आपल्या अभ्यासक्रमाशी तासातासानं ताडून पाहतं आणि काय काय कमी आहे त्याचं पत्र देतं. ती कमी भरून निघेपर्यंत बाई तिथं मदतनीस. व्हेंटिलेटर लावणारे हात चादरी बदलतात.

"काऊन वं ताई, तिथं माणसं कमी हायेत म्हणत होते ना?"

"माणसंच कमी हायेत भाऊ, कागद नाही."

ड्रायव्हरचं त्याहून मजेचं. भर पावसात, धुक्यात चिखलदऱ्याच्या घाटातून एसटी उतरवणाऱ्याचं लायसन जर्मनीत सहा महिने चालतं. पुढं लेखी परीक्षा, मग शेजारी मास्तर बसवून गाडी चालवून दाखवायची. रस्ते सरळ, खड्डा नाही, मधे गाय नाही. पठ्ठ्या नापास होईल तो कंटाळ्यानंच.

शिक्क्यांची कथा वेगळीच. परदेशात कागद चालावा म्हणून अपोस्टिल नावाचा शिक्का असतो, १९६१ च्या हेग करारातला. भारत त्यात २००५ साली सामील झाला. भारताच्या प्रवेशाला हरकत कुणी घेतली? जर्मनीनं.

पण जर्मनांना नावं ठेवताना आपलं अंगणही बघू. कर्ज काढून युक्रेन-रशियात डॉक्टर झालेल्या पोराला इथं परीक्षा असते, २००२ पासून. ३०० पैकी १५० मिळवा, तेव्हा पुढची वाट मोकळी. बहुतेक जण आपटतात. परीक्षा जरूर घ्या. माझ्या पोटावर सुरी चालवणारा पास झालेलाच असावा, एवढी माझीही इच्छा आहे. फक्त बापानं मॅनेजमेंट कोट्यात पैसा ओतून इथंच एमबीबीएस करवलेल्या चिरंजीवांना ही परीक्षा नाही. दोघांना एकच चाळणी लावायची म्हणून २०१९ च्या कायद्यात 'नेक्स्ट' परीक्षा आली. ती अजून पुढंच ढकलली जाते आहे. तोवर मेळघाटातल्या बाळंतिणीनं डॉक्टरची वाट पाहावी.

म्हणून माझी सूचना अशी. विद्यापीठ आहेच, तर रिद्धपूरला परदेशी पदव्यांची तपासणी सुरू करा. कुणी जर्मन साहेब वऱ्हाडात कामाला येणार असेल, तर आधी वऱ्हाडी बी-टू. तोंडी परीक्षेत म्हातारी म्हणेल, "बाप्पा, माह्या पोटात कसंतरीच होऊन राह्यलं," आणि साहेबानं ते नेमकं कुठं होऊन राह्यलं ते सांगायचं. प्रात्यक्षिकात मृगबहाराच्या संत्र्याची प्रतवारी. मार्चअखेरीस दुपारी दोनला, टिनाच्या शेडमध्ये. जर्मनीतला अनुभव धरला जाणार नाही. स्टुटगार्टचं ऊन कुठल्या कोष्टकात बसत नाही. नापास झाला तर वर्षभर मदतनीस म्हणून क्रेट उचलेल.

फी मात्र युरोत घ्यायची, आणि परत न मिळणारी.