दुधाच्या दातांवरील आरोपपत्र

सहाव्या महिन्याच्या आसपास खालच्या हिरडीत तांदळाच्या कणीएवढे दोन शुभ्र ठिपके डोकावू लागले, की घरातील समस्त वडीलधारी मंडळी बाळाचा ताप, किरकिर आणि ढाळ ही सारी बाकी त्या निरपराध दातांच्या खाती टाकून मोकळी होतात, आणि जमिनीवरून थेट तोंडात जाणारी बोटे व खुळखुळे मात्र बिनचौकशी सुटतात. त्यातून वरचा दात आधी उगवला, तर अरिष्टाचा हुकूमनामा परगावच्या मामाच्या नावे निघतो. अर्थात विलायतेतील शास्त्रपूत पालकांनी दात येताना द्यावयाच्या भुकटीतून तान्ह्यांना पाऱ्याचे क्षार चारण्याचा शिरस्ता १९५४ पर्यंत बिनदिक्कत चालविला, त्या मानाने आमचा मामा स्वस्तात सुटला म्हणायचा. गार पाण्यात बुडवून पिळलेले स्वच्छ फडके चघळावयास देणे, हा बिनखर्ची इलाज तेवढा कुणाच्याच इभ्रतीस शोभत नाही.