वीस पावलांचं इंटरनेट

पूर्वी आमच्या अलिबागच्या किनाऱ्यावर पाहुणा गाडीतून उतरला की पहिला प्रश्न असायचा, ‘आज मासा कुठला?’ आता तो दुसरा प्रश्न झालाय. पहिला, ‘वायफायचा पासवर्ड काय?’ वरसोलीपासून रेवदंड्यापर्यंत रस्त्याने जा, फाटकाफाटकावर पाटी आहे: ‘एसी रूम, घरगुती जेवण, फ्री वायफाय’. यातलं जेवण खरंच घरगुती असतं. एसी लाइट असेपर्यंत चालतो. आणि वायफाय झोपाळ्यावर मिळतं. झोपाळा पुढे गेला की मेसेज जातो, मागे आला की अडकतो. पाहुणे आमच्या झोपाळ्यावर इतका वेळ बसतात ते पाहून आमच्या सौ.ला परवापरवापर्यंत कोकणच्या हवेचं कौतुक वाटायचं.

आमची सून पुण्याच्या कंपनीत आहे. जूनमध्ये ती पंधरा दिवस घरून काम करायला म्हणून आली आणि पडवीलगतच्या खोलीत जुन्या कॉम्प्युटरपुढे बसली. त्या कॉम्प्युटरला वायफाय नाही. ती म्हणाली, ‘‘बाबा, एक यूएसबीचं डोंगल घेऊन या. पाचशे-सहाशेला मिळतं.’’ मी हो म्हणालो. पेनड्राइव्हएवढी वस्तू, खोचली की झालं, असं मला वाटलं. उंदरांसाठी मांजर आणायचं आणि मग मांजराच्या दुधासाठी गाय, तसं पुढे झालं.

मुंबईला गेलो, भाऊच्या धक्क्याला उतरून लॅमिंग्टन रोड गाठला. या रस्त्याचं नाव डॉ. भडकमकर मार्ग असं कधीच झालंय, पण तसं म्हटलं तर टॅक्सीवाला आपल्याकडे पाहतो. दुकानदाराला सांगितलं, वायफायचं डोंगल द्या. त्याने विचारलं, ‘‘एन देऊ, एसी देऊ की एएक्स?’’ मी म्हणालो, पडवीत एसी नको, वारा भरपूर आहे. तो काही बोलला नाही. पण ‘अलिबागसे आया है क्या’ हे वाक्य तोंड न उघडता बोलता येतं, हे मला त्या दिवशी कळलं. या वाक्याविरुद्ध आमच्या तालुक्यातले एक गृहस्थ 2019 मध्ये थेट मुंबई उच्च न्यायालयात गेले होते. याचिका फेटाळली गेली. विनोद सगळ्यांवरच होतात, मनाला लावून घेऊ नका, असा न्यायालयाचा सूर होता. मी लावून घेतलं नाही. सगळ्यात मोठ्या आकड्याचं खोकं उचललं: ‘एसी 1200’.

एन, एसी, एएक्स या वायफायच्या पिढ्या, हे आणि हा आकडा कसा बनतो ते घरी आल्यावर सुनेने सांगितलं. डोंगल दोन पट्ट्यांवर बोलतं, 2.4 गिगाहर्ट्‌झ आणि 5 गिगाहर्ट्‌झ. पहिल्यावर कागदोपत्री 300 एमबीपीएस, दुसऱ्यावर 867. दोन्हींची बेरीज 1167, ती फुगवून 1200. एका वेळी डोंगल एकाच पट्टीवर असतं, म्हणजे ही बेरीज कुणाच्याच पानात पडत नाही. त्यात 867 हा आकडासुद्धा प्रयोगशाळेतला, भिंत नसलेल्या जगातला. आणि हे डोंगल यूएसबी 2 च्या खोबणीत लावलं तर ती खोबणच मुळात 480 ची. यावर मी तिला आमच्या कनेक्शनचा वेग विचारला. 40. विहिरीत दोन हंडे पाणी आणि वर दहा घोड्यांचा पंप.

मग खोकं उघडलं. आत डोंगल, दहा भाषांमधला कागद आणि पुरीएवढी एक सीडी. सीडी घालायची फट आमच्या कॉम्प्युटरला होती, पण ती कित्येक वर्षांपासून बंद आहे. कागदावर लिहिलेलं, सीडी चालत नसेल तर ड्रायव्हर आमच्या वेबसाइटवरून उतरवून घ्या. म्हणजे इंटरनेट येण्यासाठी आधी इंटरनेट पाहिजे. लग्न झाल्याशिवाय वेड जात नाही आणि वेड गेल्याशिवाय लग्न होत नाही, ही म्हण ज्याने केली त्याला वायफायचं डोंगल माहीत असणार. शेवटी सुनेने स्वतःचा मोबाइल चार्जिंगच्या वायरने कॉम्प्युटरला जोडला, त्यात ‘यूएसबी टिथरिंग’ चालू केलं आणि मोबाइलच्या इंटरनेटवरून ड्रायव्हर उतरवला. दोन मिनिटांचं काम. त्याआधी मी दीड तास सीडी फडक्याने पुसत होतो.

खोक्यावर जे मोठ्या अक्षरांत असतं त्याला महत्त्व नाही, आणि ज्याला महत्त्व आहे ते खोक्यावर नसतं. आतली चिप कुणाची? एकाच नावाच्या डोंगलमध्ये पहिल्या आवृत्तीत एक चिप आणि दुसरीत भलतीच, असं सर्रास होतं. टीपी-लिंकच्या डब्ल्यूएन 722 एन या नावाजलेल्या मॉडेलचं तसंच झालं. पहिल्या आवृत्तीत एथेरॉसची चिप होती आणि लिनक्स वापरणारी मंडळी त्यावर खूश होती. पुढच्या आवृत्तीत रिअलटेकची आली. नाव तेच, रूप तेच, स्वभाव वेगळा. विंडोजवाल्याला फारसा फरक पडत नाही. लिनक्सवाला मात्र आठवडाभर ड्रायव्हर जमवत बसतो आणि त्यालाच छंद म्हणतो. म्हणून खोक्याच्या पाठीला कोपऱ्यात बारीक अक्षरांत व्ही 1, व्ही 2 असं काही असतं, ते आधी वाचावं. मी वाचलं नव्हतं, चष्मा घरी होता.

असो. डोंगल लागलं, निळा दिवा चमकला, घरात आनंद झाला. सुनेने मीटिंग उघडली. पुण्याचे साहेब पडद्यावर आले, तोंड उघडलं आणि तसेच राहिले. चार मिनिटं. सौ. म्हणाली, दातांना काहीतरी करायला हवं त्यांनी.

आता आमच्या घराचा नकाशा सांगतो, कारण सगळी गोम तिथे आहे. राउटर आहे माजघरात, टीव्हीच्या मागे. तिथेच का? केबलवाल्या पोराची वायर तिथे संपली म्हणून. माजघर आणि पडवीच्या खोलीत वीस पावलांचं अंतर. मध्ये आजोबांनी बांधलेली दीड फूट जाडीची दगडी भिंत, आणि त्या भिंतीला टेकून सौ.चं आरशाचं लोखंडी कपाट. 5 गिगाहर्ट्‌झच्या लहरी वेगवान खऱ्या, पण भिंत दिसली की मान टाकतात. 2.4 च्या तुलनेने चिवट, तरी दगड आणि पत्रा एकदम आला की त्यांचाही नाइलाज होतो. वर आमच्याकडे पावसाळ्यात दोन हजार मिलिमीटरच्या वर पाऊस. जूनपासून भिंती पाणी पितात, आणि पाणी या लहरी पितं. ओल आली की रेंज जाते, हा वेडगळपणा नाही, भौतिकशास्त्र आहे.

गंमत बघा. फ्रान्समधल्या मार्सेयहून सिंगापूरला जाणारी सी-मी-वी-4 नावाची केबल आहे, सुमारे 18800 किलोमीटर लांबीची. भूमध्य समुद्र, सुएझ, तांबडा समुद्र, अरबी समुद्र असं सगळं पार करत ती मुंबईत वर येते. ती मुंबई मांडव्याच्या जेट्टीवरून नुसत्या डोळ्यांनी दिसते. तिथून इंटरनेट खाडीला वळसा घालून, डोंगर चढून, विजेच्या खांबांवरून आणि माडांवरून लोंबकळत आमच्या माजघरापर्यंत येतं. वाटेत एखादी झावळ पडली तर वायर तुटते, तीही आम्ही समजून घेतो. 3 जून 2020 ला ‘निसर्ग’ चक्रीवादळ आलं तेव्हा माड-सुपारीच्या वाड्याच्या वाड्या आडव्या झाल्या, श्रीवर्धन-मुरूडकडे कित्येक गावांत आठवडेच्या आठवडे वीज नव्हती. ‘रेंज नाय’ याचा खरा अर्थ त्या लोकांना विचारावा. पण धडधाकट दिवशी, फ्रान्समधून सुखरूप आलेलं इंटरनेट सौ.च्या कपाटापाशी मरतं, याला काय म्हणायचं?

मी म्हटलं, डोंगल खराब आहे. दुसरं आणलं. ते अंगठ्याच्या नखाएवढं, ‘नॅनो’. दिसायला गोंडस. पण नखाएवढ्या डोंगलात अँटेना केवढा मावणार? कॉम्प्युटरच्या पाठीमागे खोचलं, म्हणजे एका बाजूला लोखंडी डबा, दुसऱ्या बाजूला भिंत, मध्ये ते. मडक्यात तोंड घालून शेजाऱ्याला हाक मारावी तशी गत. मग ते पुढच्या निळ्या खोबणीत लावलं. शेजारच्या निळ्या खोबणीत नातवाच्या सिनेमांची हार्डडिस्क. रेंज आणखी पडली! ही निळी खोबण म्हणजे यूएसबी 3, आणि तिच्या वायरीतून होणारा गोंगाट नेमका 2.4 गिगाहर्ट्‌झवर जाऊन बसतो. इंटेलने 2012 मध्ये यावर चक्क निबंध काढलाय. आमच्या घरात तो कुणी वाचलेला नव्हता. तरी मी तिसऱ्या डोंगलच्या तयारीला लागलो होतो.

त्याच संध्याकाळी अलिबागला वेधशाळेवरून चालत आलो. चुंबकीय वेधशाळा. आमच्यातले निम्मे लोक तिला हवामान खातं समजतात आणि पाऊस चुकला की तिला शिव्या देतात. तिचा पावसाशी संबंध नाही, ती पृथ्वीचं चुंबकत्व मोजते. हे काम 1841 पासून मुंबईत कुलाब्याला चालायचं. पुढे मुंबईत ट्राम विजेवर चालवायच्या ठरल्या. विजेची ट्राम जवळून गेली की नाजूक चुंबकसूची बिथरणार, नोंदी वाया जाणार. तेव्हाचे संचालक होते नानाभॉय मूस. त्यांच्या कारकिर्दीत चुंबकाचं सगळं काम उचलून समुद्रापलीकडे अलिबागला आणलं गेलं. लोखंड न वापरता इमारत बांधली. 1904 मध्ये इथे नोंदी सुरू झाल्या आणि 1906 पर्यंत कुलाबा आणि अलिबाग दोन्हीकडे एकदम मोजमाप चालू ठेवलं, म्हणजे जुना आकडा नव्याशी जुळवता यावा. मग 1907 मध्ये मुंबईत विजेची ट्राम धावली. ट्राम 1964 ला बंद पडली, वेधशाळा अजून इथेच आहे.

मला तिथे फाटकाशी उभं राहून लाज वाटली. गोंगाट होतोय तर उपकरण हलवा, ही अक्कल त्या माणसांना होती. त्यांनी आणखी महाग चुंबकसूची मागवली नाही. आणि मी सव्वाशे वर्षांनंतर, त्याच गावाच्या पंचक्रोशीत, एका काडीवर दुसरी काडी विकत घेत होतो. आणि ती काडी दोन हात बाजूला सरकवायचं मला सुचत नव्हतं.

घरी येऊन पहिल्याच डोंगलला दीड मीटरची यूएसबी एक्स्टेन्शन केबल लावली. दीडशे रुपये. डोंगल कॉम्प्युटरच्या बुडाखालून काढून दाराच्या चौकटीशी आणलं आणि कपडे वाळत घालायच्या चिमट्याने दोरीला अडकवलं. दार उघडं, मध्ये भिंत नाही. राउटर टीव्हीच्या मागून काढून कपाटाच्या उंचीच्या वर, मोकळ्या फळीवर ठेवला. हार्डडिस्क लांब. साहेबांचं तोंड मिटलं. वेग मोजला, 40 पैकी 34. तेच डोंगल, तोच ‘एसी’.

सौ. म्हणाली, ‘‘दोरीवर हे काय? पाहुणे काय म्हणतील?’’ पाहुणे म्हणाले, झोपाळ्यावरची रेंज गेली. राउटर हलवल्याचा परिणाम. त्यांना आता ओटीवर बसावं लागतं.

दोन गोष्टी मात्र सांगून ठेवतो. आमच्याकडचा खारा वारा यूएसबीच्या पितळेला-तांब्याला हिरवं करतो. महिन्यातून एकदा डोंगल काढून कोरड्या फडक्याने पुसावं, वापर नसेल तेव्हा टोपण लावून डब्यात ठेवावं. आणि नागाव-किहीमसारख्या ठिकाणी शनिवारी रात्री दर घराचा राउटर एकाच चॅनेलवर ओरडत असतो. 2.4 वर एकमेकांच्या अंगावर न येणारे चॅनेल तीनच, 1, 6 आणि 11. शेजाऱ्याचा 6 असेल तर आपण 1 किंवा 11 घ्यावा. मच्छीबाजारात दोन कोळणींच्या मधोमध उभं राहून भाव विचारू नये, तसंच.

हे सगळं मांडून झाल्यावर चुलतभाऊ आला. तो पंप आणि मोटारी दुरुस्त करतो. त्याने दोरीवरचं डोंगल पाहिलं, राउटर पाहिला, कॉम्प्युटर पाहिला.

‘‘हा कॉम्प्युटर कुठे कुठे नेतोस रे दादा?’’

‘‘नेतो कशाला? गेली नऊ वर्षं इथेच आहे.’’

‘‘मग याला बिनतारी कशाला पाहिजे? वीस पावलं वायर टाक की.’’

मी गप्प. लॅनची केबल शंभर मीटरपर्यंत आरामात चालते, भिंतीला घाबरत नाही, ओलीला घाबरत नाही, तिला वेगळा ड्रायव्हर सहसा लागत नाही आणि शेजाऱ्याच्या राउटरशी भांडण नाही. आमच्या कॉम्प्युटरला लॅनचं भोक पहिल्यापासून आहे. त्यात आजवर फक्त कोळ्याने घर केलं होतं. चौकटीच्या कडेने वायर ठोकायला भावाला पाऊण तास लागला, त्यात चहा धरला आहे. वेग 40 पैकी 40.

लॅपटॉप घेऊन घरभर फिरणाऱ्याने, किंवा भाड्याच्या खोलीत खिळा ठोकायची परवानगी नसणाऱ्याने डोंगल जरूर घ्यावं. दोन पट्ट्यांचं घ्यावं, बाहेर अँटेना असलेलं घ्यावं, आणि सोबत एक्स्टेन्शन केबल घ्यायला विसरू नये. लॅमिंग्टन रोडला जायची गरज नाही. आमच्याकडे दोन पडून आहेत, एक मोठं, एक नॅनो, दोन्ही चालू. निम्म्या किमतीत देतो, येऊन घेऊन जा. आत चिप कुठली आहे ते विचारू नका, खोकी सौ.ने बंबात घातली.