फळा कायमचा पुसावा कसा? नवशिक्यांसाठी सूचना

मंडळाचा फळा लिहायला कसं लागावं, हे कुणाला शिकवावं लागत नाही. ज्याचं अक्षर बरं आणि ज्याला ‘नाही’ म्हणता येत नाही, त्याच्या हातात एखाद्या संध्याकाळी आपोआप खडू येतो. शिकावं लागतं ते थांबणं. वरळीच्या बीडीडी चाळींत हा विषय सध्या सक्तीचा झालाय. गव्हर्नर लॉइडच्या काळात, १९२० साली काढलेल्या बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटनं बांधलेल्या या १२१ इमारती. तळमजला अधिक तीन मजले, मजल्याला वीस खोल्या, खोली १६० चौरस फुटांची. त्यांच्या जागी चाळीस मजली टॉवर येतायत, १४ ऑगस्ट २०२५ ला पहिल्या ५५६ घरांच्या चाव्यासुद्धा वाटून झाल्या. नवं घर पाचशे चौरस फुटांचं. त्यात सगळं बसतं, सहा बाय चारचा फळा बसत नाही. तेव्हा पुढच्या सूचना शांतपणे वाचाव्यात.

पहिली सूचना: थांबायची तारीख ठरवा आणि ती फळ्यावर लिहा. हे सोपं वाटतं, पण इथेच बहुतेक जण घसरतात. ‘बघू’, ‘गणपतीपर्यंत ओढू’, ‘नवीन कुणी पोरगा मिळेपर्यंत’ अशी वाक्यं तोंडातून निघू लागली की तुम्ही थांबत नाही आहात, तुम्ही नुसते उतरत आहात. याचे दोन धडे एकाच वर्षाचे आहेत. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले किती तरी याच चाळींत राहत होते. संप मागे घेतल्याची रीतसर घोषणा कुणी केलीच नाही. माणसं हळूहळू परत गेली, गावाला गेली, भाजीची गाडी लावू लागली. गिरण्याही एकेक करून बंद पडल्या. त्याच १९८२ साली गिरगावात, खटाववाडीत, ‘सत्यकथा’ बंद झालं. १९३३ पासून चाललेलं मासिक, मराठी कथा-कवितेचा एक अख्खा काळ घडवणारं. त्याच्या नावानं बोटं मोडणारेही पुष्कळ होते. पण आजही ग्रंथालयात जाऊन त्याच्या शेवटच्या अंकावर बोट ठेवता येतं. संपाच्या शेवटच्या दिवसावर बोट ठेवून दाखवा बरं. ज्यांच्या घरात तो संप झाला, त्यांच्यापैकी काही जण गेल्यावरसुद्धा संपावरच होते, असं मला वाटतं.

फळ्याची तुलना ‘सत्यकथे’शी करतोय म्हणून हसू नका. निदान आमचा मजकूर कधी साभार परत आला नाही.

दुसरी सूचना: बातमी आधी कुणाला सांगावी? अध्यक्षांना सांगू नका, ते लगेच सत्कार ठरवतील. शाल, श्रीफळ आणि स्थानिक नगरसेवकाची वाट बघत उन्हात दोन तास. तळमजल्यावरच्या एखाद्या मावशींना सांगा, रात्रीच्या जेवणापर्यंत तिसऱ्या मजल्यालाही कळलेलं असेल. लोक हळहळतील अशी अपेक्षा मात्र ठेवू नये. तुमच्या लेखनकार्याबद्दल मिळणारे प्रतिसाद साधारण असे असतात:

‘मग वर्गणीचं आता कोण लिहिणार?’

‘मास्तर, बरं झालं. तुमचा ‘ध’ मला कायम ‘घ’ वाटायचा.’

‘फळा? म्हणजे तो अजून लिहितात होय? काका, मी तर व्हॉट्सॲपवरच बघतो सगळं.’

शेवटचा प्रतिसाद विशीतल्या मुलाकडून येतो. रागवू नये. त्याच्या दहावीच्या निकालाच्या दिवशी त्याचं नाव तुम्हीच रंगीत खडूनं, फुलांच्या चौकटीत लिहिलेलं असतं, आणि त्याच्या आईनं त्या फळ्याचा फोटो काढून ठेवलेला असतो. हे त्याला सांगायचीही गरज नाही. आई सांगेल.

तिसरी सूचना साहित्याबद्दल. यावर जरा वेळ घालवा, कारण हीच गोष्ट तुम्हाला खरोखर येते. रोजचा फळा आपण ओल्या खडूनं लिहितो. खडू पाण्यात थोडा भिजवून घेतला की अक्षर आधी फिकट उमटतं, वाळलं की ठसठशीत होतं, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याचा शर्ट घासला तरी हलत नाही. पण शेवटचा मजकूर कोरड्या खडूनं लिहावा. ओल्या खडूचं अक्षर पुसलं तरी त्याचा पांढरा माग फळ्यावर राहतो. मग फळा पुसल्यावरही पुढचे आठ दिवस लोक तुमची जुनी पाणीकपात वाचत बसतात. शिरोरेषा नेहमीप्रमाणे सगळ्यात शेवटी मारा, डावीकडून उजवीकडे, एका दमात. इथे हात थरथरला तर अक्षराला दोष देऊ नका. शिडीला द्या.

आता मजकूर. नवशिका माणूस इथे हमखास एक पाप करतो: चिंतन. चाळीची माती, माणुसकीचा ओलावा, उघडी दारं, आणि शेवटी ‘आता उरल्या फक्त आठवणी’. हे सगळं लिहिण्याचा मोह झाला की लक्षात घ्या, पु. ल. देशपांड्यांनी १९५८ साली ‘बटाट्याची चाळ’च्या शेवटच्या प्रकरणात चाळीवरचं चिंतन करून ठेवलंय. आधी पानंच्या पानं हसवून घेतलं, मग गंभीर झाले. तेवढी आगाऊ ठेव तुमच्या खात्यात आहे का ते तपासा. शिवाय ती कठड्याची चाळ. आपल्या बीडीडीला गॅलरीच नाही. मधोमध काळोखा पॅसेज आणि दोन्ही हातांना दहा-दहा दारं. कठड्याला टेकून उसासा टाकायची सोयच सरकारनं ठेवलेली नाही, तर फळ्यावर कशाला टाकायचा?

म्हणून शेवटच्या दिवशी रोजचंच लिहावं. तारीख, वार. पाण्याची वेळ. जांबोरी मैदानावरच्या कबड्डी सामन्यांची वेळ. खाली एक ओळ: ‘उद्यापासून हा फळा लिहिला जाणार नाही.’ खाली सही करू नये. फळ्यावर लिहिणाऱ्याची सही कधीच नसते, आणि हे या कलेतलं सगळ्यात मोठं सुख आहे. शिवजयंती तिथीची की तारखेची, या प्रश्नावर तुम्ही इतकी वर्षं धडधाकट कसे राहिलात, याचं उत्तर त्यातच आहे.

खरी अडचण त्यानंतर सुरू होते. फळा बंद झाला तरी तुमच्या डोक्यातला फळा चालूच राहतो. सकाळी पेपर वाचताना एखादं वाक्य चार ओळींत बसेल का, हे डोळा आपोआप मोजतो. कुणी आजारी असल्याचं कळलं की काळजीच्या आधी ‘अंत्ययात्रा सायं. ५ वा. राहत्या घरापासून’ हा मजकूर तयार होतो. याची लाज वाटून घेऊ नका, पण रुग्णाला भेटायला गेल्यावर चेहऱ्यावर दिसू देऊ नका.

काही आठवड्यांनी ही सवय सुटायला लागते आणि मग एक विचित्र गोष्ट ध्यानात येते. तुम्हाला वाटत असतं की तुम्ही चाळीचं रोजचं आयुष्य लिहीत होता. पण फळ्यावर ‘उद्या पाणी येणार नाही’ असायचं. पाणी आलं, हे तुम्ही एकदाही लिहिलं नाहीत. पास झालेल्यांची नावं असायची. नापास झालेला मुलगा महिनाभर मागच्या जिन्यानं ये-जा करायचा, तो फळ्यावर नव्हता. निधनं सगळी, बारशी जवळजवळ नाहीत. सेंच्युरी मिलच्या भोंग्यावर घड्याळ लावणारे आजोबा भोंगा थांबल्यावर कशावर घड्याळ लावू लागले, संध्याकाळी पॅसेजभर वीस कुकरांच्या शिट्ट्या होत असताना आपला कुठला हे प्रत्येक बाईला कसं कळायचं, मोरीत कपडे धुताना समोरच्या खोलीतल्या मालिकेचा भाग कानांनीच कसा बघून व्हायचा: यातलं काहीही बातमी नव्हतं, म्हणून तुमच्या खडूला ते कधी दिसलंच नाही. आता दिसतं, कारण आता त्याचं काही करायचं नसतं. हा अवस्थाबदल झाल्यावर वही घेऊन ते सगळं टिपायला बसू नये. तो नवा फळा होईल, आणि त्यालाही पुन्हा बंद करायला शिकावं लागेल. नुसतं खुर्ची टाकून पॅसेजमध्ये बसावं. कुणी ‘काय मास्तर, काय करताय?’ म्हणालं तर ‘काही नाही’ म्हणावं. आयुष्यात प्रथमच ते खरं असेल.

उरलेल्या वस्तूंची विल्हेवाट: खडू बालवाडीला द्यावेत. फळा इस्त्रीवाल्याला द्यावा, त्याला टेबलाला लाकूड हवंच असतं. शिडी ज्याची असेल त्याला परत करावी. ती आपली नव्हती, हे याच दिवशी कळतं.

टॉवरमध्ये राहायला गेल्यावर पहिल्याच आठवड्यात लिफ्टच्या दाराला सेलोटेपनं कागद चिकटवलेला आढळेल: ‘लिफ्ट बंध आहे.’ दुरुस्त करू नये. खिशात पेन असेल तर तिथे हात नेऊ नये. वॉचमनला चूक समजावून सांगू नये, कारण तो म्हणेल, ‘काका, मग तुम्हीच लिहून द्या ना, अक्षर छान आहे म्हणे तुमचं.’ जिना कुठे आहे ते विचारावं आणि चढायला लागावं.